शेडर कंपाइल होतो, पण आकडे भलतीकडेच पोहोचतात: क्रॉस-कंपायलरमधला नेहमीचा बिघाड कसा शोधायचा

शेडर म्हणजे जीपीयूवर चालणारा, पडद्यावरचं चित्र काढणारा छोटा प्रोग्रॅम. व्हल्कन या ग्राफिक्स एपीआयवर त्याचं चित्र बरोबर येतं. त्याचाच स्पिर-व्ही, म्हणजे कंपाइल झालेलं बायनरी रूप, क्रॉस-कंपायलरमधून (एका एपीआयचा शेडर दुसऱ्याच्या भाषेत उतरवणारं साधन) काढून मेटल, डायरेक्टथ्रीडी किंवा ओपनजीएल ईएसवर नेला की कुठेही एरर येत नाही, आणि पडद्यावर मात्र भलतंच दिसतं. शेडर क्रॉस-कंपायलरची लायब्ररी सांभाळणाऱ्यांकडे ही तक्रार पुन्हापुन्हा येते, आणि तिचं शीर्षक बहुधा "चुकीचा कोड तयार होतो" असं असतं. तपासल्यावर तयार झालेला कोड बहुतेक वेळा बरोबरच निघतो. कुठला आकडा बफरच्या (ॲप शेडरला आकडे देतं तो मेमरीचा तुकडा) कितव्या बाइटवर आहे आणि तो बफर कुठल्या स्लॉटवर (जोडणीच्या क्रमांकावर) आहे, यावर ॲप आणि शेडर यांचं एकमत नसतं, एवढंच. म्हणून क्रॉस-कंपायलरच्या कोडला हात लावण्याआधी खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. सुरुवातीच्या काही मिनिटांत उरकतात, शेवटच्या काही दिवस खातात.

लक्षणं

- वस्तू दिसते, पण प्रकाश चुकीच्या दिशेने येतो, किंवा एक्सपोझर शून्य असल्यासारखं सगळं काळं होतं.
- पहिली वस्तू बरोबर, दुसरीपासून पुढच्या सगळ्या विस्कटलेल्या.
- वस्तू ताणलेली, चपटी किंवा पूर्ण गायब. मॅट्रिक्स ट्रान्सपोज केली (ओळी आणि कॉलम यांची अदलाबदल) की अचानक बरी दिसते.
- टेक्स्चरच्या जागी दुसरंच टेक्स्चर.
- चित्र उलटं, किंवा कॅमेऱ्याजवळचा भाग कापलेला.
- डेस्कटॉपवर सगळं ठीक, फोनवर टेक्स्चरच्या कडा दातेरी किंवा थरथरणाऱ्या.
- शेडरमधला एक न वापरलेला युनिफॉर्म (ॲपने शेडरला बाहेरून दिलेली किंमत) काढला आणि ज्याला हातही लावला नव्हता ते बिघडलं.

यातलं शेवटचं लक्षण फार बोलकं आहे. ते दिसलं तर थेट तिसऱ्या तपासणीकडे जा.

१. जी फाइल वाचताय तीच चालतेय का?

तयार झालेल्या फ्रॅगमेंट शेडरच्या (पिक्सेलचा रंग ठरवणारा शेडर) शेवटी हाताने भडक गुलाबी रंग टाका आणि ॲप चालवा. पडदा गुलाबी झाला नाही, तर तुम्ही बघताय ती फाइल आणि जीपीयूवर चाललेली फाइल वेगळ्या आहेत. पाइपलाइन कॅशे, ॲपची स्वतःची शेडर कॅशे आणि बिल्ड सिस्टिमने जपून ठेवलेलं जुनं आउटपुट, तिन्ही पुसा. कॅशेची की फक्त मूळ शेडरच्या मजकुरावरून काढलेली असेल, तर लायब्ररीचं व्हर्जन किंवा कंपाइलचे पर्याय बदलले तरी कॅशेला त्याचा पत्ता लागत नाही. लायब्ररीचं कमिट आणि सगळे पर्याय त्या कीमध्ये असलेच पाहिजेत.

स्पिर-व्ही फाइल ३२ बिटच्या शब्दांची बनलेली असते, म्हणून तिची लांबी ४ ने भागली गेलीच पाहिजे. सुरुवातीला ५ शब्दांचं हेडर असतं आणि त्यातला पहिला शब्द हेक्समध्ये ०७२३०२०३. फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडून लिहिली गेली की विंडोजवर मधेच जादा बाइट घुसतात आणि लांबी बिघडते. हेक्स व्ह्यूअरमध्ये एक नजर टाकली की हा संशय मिटतो.

२. इनपुट वैध आहे का?

स्पिरव्ही-व्हॅल हा स्पिर-व्हीचा व्हॅलिडेटर चालवा, आणि तो नेमक्या टार्गेट एन्व्हायर्नमेंटसह. टार्गेट न देता चालवलं तर व्हल्कनचे जादा नियम तपासलेच जात नाहीत आणि त्यांतल्या चुका निसटतात. ही तपासणी महत्त्वाची यासाठी की क्रॉस-कंपायलर इनपुट वैध आहे असं गृहीत धरूनच काम करतो. अवैध मॉड्यूलवर (म्हणजे स्पिर-व्ही फाइलवर) तो कोसळेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे दिसायला सरळ पण अर्थाने चुकलेला कोड देईल. यातलं काहीच लायब्ररीचा बग म्हणून नोंदवता येत नाही.

फ्रंटएंडनंतर (मूळ शेडरचं स्पिर-व्ही करणारा कंपायलर) एकदा आणि ऑप्टिमायझरनंतर पुन्हा एकदा, असं दोनदा तपासा. पहिल्यांदा वैध आणि दुसऱ्यांदा अवैध निघालं, तर तक्रार ऑप्टिमायझरकडे न्यायची. व्हॅलिडेटरला "रिलॅक्स्ड" किंवा "स्केलर" ब्लॉक लेआउटची (सैल नियमांच्या मांडणीची) मुभा द्यायची असेल, तर डिव्हाइसवर ती खरोखर उपलब्ध आणि चालू असेल तरच द्या. एरर नकोसा वाटतो म्हणून मुभा दिली की तो एरर जात नाही, पुढे कुठेतरी काळा पडदा होऊन भेटतो.

याच टप्प्यावर साधनांची व्हर्जनही जुळवून घ्या. ग्लस्लँग आणि डीएक्ससी हे फ्रंटएंड, स्पिर-व्ही टूल्स आणि क्रॉस-कंपायलर एकमेकांना माहीत असलेल्या कमिटवर पिन केलेले असावेत. "सगळ्यांचं लेटेस्ट" हे काही व्हर्जन नव्हे. उद्या ते दुसरंच असतं.

३. बफर बरोबर स्लॉटवर आहे का?

व्हल्कनमध्ये प्रत्येक रिसोर्सचा (बफर, टेक्स्चर वगैरे) पत्ता सेट आणि बाइंडिंग असा दोन आकड्यांचा असतो. बाकी ठिकाणी ही पद्धत जशीच्या तशी नाही, आणि भाषांतरात पत्ता हरवतो तो इथेच.

ओपनजीएलमध्ये सेट ही कल्पनाच नाही. सेट ०, बाइंडिंग ० आणि सेट १, बाइंडिंग ० हे दोघेही सरळ बाइंडिंग ० वर येऊन आदळतात. एचएलएसएलमध्ये, म्हणजे डायरेक्टथ्रीडीच्या शेडर भाषेत, शेडर मॉडेल ५.१ पासून सेटसारखी स्पेस मिळते, ५.० वर तीच टक्कर होते. ओपनजीएल ईएसच्या जीएलएसएल ईएस ३.०० या भाषेत युनिफॉर्म ब्लॉकला (युनिफॉर्मच्या एकत्र गटाला) शेडरमधून बाइंडिंग देताच येत नाही, ती सोय ३.१० पासून आहे. ३.०० वर लिंक झाल्यावर ॲपनेच ब्लॉकचं नाव शोधून बाइंडिंग लावायचं असतं. ते राहिलं तर सगळे ब्लॉक मुकाट्याने ० वर बसतात.

मेटलमध्ये बफर, टेक्स्चर आणि सॅम्पलर यांच्या क्रमांकांच्या रांगा वेगळ्या, आणि त्याही प्रत्येक स्टेजच्या (वस्तूच्या कोपऱ्यांवर चालणारा व्हर्टेक्स शेडर, रंग देणारा फ्रॅगमेंट शेडर) स्वतंत्र. बफरसाठी ३१ स्लॉट, म्हणजे ० ते ३०. व्हर्टेक्स डेटाचे बफरही याच रांगेत बसतात, ही गोष्ट हमखास विसरली जाते. व्हर्टेक्स बफर ० वर आणि पहिला युनिफॉर्म बफरही ० वर लागला, की नंतर बांधलेला आधीच्याला पुसून टाकतो. व्हर्टेक्स बफर ३० पासून उलट्या क्रमाने लावले की ही टक्कर टळते.

स्पिरव्ही-क्रॉस या क्रॉस-कंपायलरला मेटलसाठी क्रमांक तुम्ही दिले नाहीत, तर तो स्वतःच क्रमाने पुढचा रिकामा क्रमांक देतो. म्हणजे एक युनिफॉर्म निघून गेला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. वरच्या यादीतलं शेवटचं लक्षण ते हेच. उपाय दोन आहेत: प्रत्येक रिसोर्सचा क्रमांक आधीच बांधून द्या, किंवा कंपाइल झाल्यावर लायब्ररीला "या रिसोर्सला काय दिलंस" असं विचारा आणि उत्तर ॲपपर्यंत पोहोचवा. रिसोर्स वापरलाच गेला नसेल तर उत्तरात ३२ च्या ३२ बिट १ येतात. तो स्लॉट क्रमांक समजून वापरू नका. लायब्ररीच्या बाजूने पहिला उपाय जास्त भरवशाचा, कारण ऑप्टिमायझरने उद्या काहीही काढलं तरी क्रमांक हलत नाहीत.

एचएलएसएलमधला एक बारकावा सहज चुकतो. स्टोरेज बफर लिहिण्याजोगा असेल तर तो यू रजिस्टरवर (एचएलएसएलमधली स्लॉटची एक रांग) जातो, फक्त वाचण्यापुरता असेल तर टी वर. कुणीतरी मूळ शेडरमध्ये भल्या हेतूने "रीडओन्ली" लिहिलं, की तयार झालेल्या शेडरमध्ये बफरची जागा बदलते आणि ॲप अजून जुन्याच जागी बांधत राहतं.

"पहिली वस्तू बरोबर, पुढच्या विस्कटलेल्या" असं असेल, तर स्लॉट बरोबर असतो आणि बफरमधली सुरुवातीची जागा चुकलेली असते. डायरेक्टथ्रीडी १२ मध्ये कॉन्स्टंट बफर (तिथला युनिफॉर्म बफर) २५६ बाइटच्या पटीत सुरू व्हावा लागतो. व्हल्कनमध्ये ही पट डिव्हाइस सांगतं आणि ती जास्तीत जास्त २५६ असू शकते. तुमच्या मशीनवर ६४ होती म्हणून ६४ पक्की धरली, तर दुसऱ्या मशीनवर नेमकं हेच लक्षण दिसेल.

४. आकडा कितव्या बाइटवर आहे?

या बिघाडाचं खरं घर हेच, म्हणून इथे घाई करू नका. उदाहरणाला हा साधा ब्लॉक घ्या (फ्लोट म्हणजे ४ बाइटचा आकडा, व्हेक३ म्हणजे तीन फ्लोट):

दिशा: व्हेक३
तीव्रता: फ्लोट
वजन: ४ फ्लोटचा ॲरे
एक्सपोझर: फ्लोट

दिसायला निरुपद्रवी आहे. पण शेवटच्या एक्सपोझरचा पत्ता बघा. एसटीडी१४० या मांडणीच्या नियमात ॲरेचा प्रत्येक घटक १६ बाइट अडवतो; वजन १६ पासून ८० पर्यंत जातं आणि एक्सपोझर ८० वर येतो. एसटीडी४३० या जास्त घट्ट नियमात घटक ४ बाइटचे, म्हणून एक्सपोझर ३२ वर. एचएलएसएलच्या कॉन्स्टंट बफरमध्ये घटक १६ च्या अंतरावर असतात, पण शेवटच्या घटकामागे पॅडिंग (रिकामी भर) नसतं. शेवटचं वजन ६४ ते ६८, आणि एक्सपोझर त्याला चिकटून ६८ वर. मेटलचा साधा फ्लोट३ तर १६ बाइटचा असतो, त्यामुळे तीव्रता १२ ऐवजी १६ वर सरकते, वजन २० वर, आणि एक्सपोझर ३६ वर. एकाच ब्लॉकचे चार पत्ते झाले: ८०, ३२, ६८, ३६. सी प्लस प्लसमधल्या साध्या स्ट्रक्टमध्ये तो ३२ वर असतो, म्हणजे युनिफॉर्म बफरसाठी तोही चूकच.

इथे एक सापळा आहे, ज्यात अनुभवी लोकही अडकतात. एकच एचएलएसएल फाइल डीएक्ससीने डायरेक्टथ्रीडीसाठी कंपाइल केली तर एक्सपोझर ६८ वर येतो. तीच फाइल कुठलाही जादा पर्याय न देता स्पिर-व्हीसाठी कंपाइल केली तर तो ८० वर येतो. मग "विंडोजवर चालतं, मॅकवर नाही" अशी तक्रार येते आणि बोट क्रॉस-कंपायलरकडे जातं. पत्ता मात्र त्याच्या हातात मॉड्यूल पडण्याआधीच बदललेला असतो.

कुठला नियम लागू झालाय हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. सगळ्यात खात्रीची पद्धत अशी: युनिफॉर्म बफरमध्ये खऱ्या किमतींऐवजी फ्लोट भरा, ०, १, २, ३ असे २३ पर्यंत, म्हणजे एकूण ९६ बाइट. आता प्रत्येक जागेत तिचा स्वतःचा क्रमांक बसलाय. फ्रॅगमेंट शेडरमधून लाल रंगात तीव्रता, हिरव्यात वजनचा दुसरा घटक आणि निळ्यात एक्सपोझर लिहा, तिघांनाही २५५ ने भागून. ज्यावर चित्र काढताय ते टार्गेट ८ बिटचं साधं युनॉर्म (० ते २५५ हे ० ते १ म्हणून धरणारं) हवं. एसआरजीबी असेल तर आकडे वाकतील, आणि ब्लेंडिंग चालू असेल तर त्यात मागचा रंग मिसळेल. मग एक पिक्सेल वाचा:

३, ८, २० आलं तर एसटीडी१४०.
३, ५, ८ आलं तर एसटीडी४३० किंवा स्केलर.
३, ८, १७ आलं तर एचएलएसएलचा कॉन्स्टंट बफर.
४, ६, ९ आलं तर मेटलची साधी मांडणी.

या एका पिक्सेलने तासन्‌तासांचा वाद मिटतो. आकड्याला ४ ने गुणलं की शेडरने नेमक्या कुठल्या बाइटवरून वाचलं ते कळतं. तिन्ही आकडे शून्य आले, तर मांडणीकडे बघायचंच नाही. बफर बांधलाच गेलेला नाही किंवा बांधलेली लांबी अपुरी आहे, मागे तिसऱ्या तपासणीकडे जा. आणि वरच्या चारपैकी कुठल्याच ओळीशी न जुळणारी तिकडी आली, तर ती जपून ठेवा. लायब्ररीत खरंच बग असल्याचा तो पहिला सबळ पुरावा आहे.

आता स्पिरव्ही-डिसने (स्पिर-व्ही वाचण्याजोगं करणारं साधन) मॉड्यूल उलगडून ऑफसेट (सदस्य कितव्या बाइटवर) आणि ॲरे-स्ट्राइड (घटकांमधलं अंतर) ही डेकोरेशन वाचा. क्रॉस-कंपायलरची बांधिलकी याच आकड्यांशी असते, मूळ शेडरमधल्या तुमच्या मनातल्या मांडणीशी नसते. डेकोरेशनमध्ये एक्सपोझर ८० वर असेल, तर बरोबर तयार झालेल्या मेटल कोडमध्ये दिशा पॅक्ड-फ्लोट३ (१२ बाइटचा) म्हणून दिसेल आणि वजन फ्लोट४ च्या ॲरेत जाईल, ज्यातला फक्त एक्स घटक वाचला जातो. एचएलएसएलमध्ये प्रत्येक सदस्यासमोर पॅकऑफसेट लिहिलेला दिसेल आणि एक्सपोझर सी५ वर, म्हणजे ५ गुणिले १६ = बाइट ८० वर असेल. हे कुरूप दिसतं म्हणून "साफ" करायला जाऊ नका. तो कुरूपपणाच आकडे जागेवर ठेवतो.

काही मांडण्या टार्गेट भाषेत मांडताच येत नाहीत. फ्लोटच्या मागोमाग बाइट ४ वर बसलेला व्हेक३ व्हल्कन १.१ पासून चालतो, पण जीएलएसएलच्या एसटीडी१४० मध्ये त्याला जागा नाही. अशा वेळी लायब्ररीने स्पष्ट एरर देऊन थांबावं. जवळची मांडणी निवडून गप्प बसणारी लायब्ररी वापरणाऱ्याचा आठवडा वाया घालवते. तुम्ही लायब्ररी सांभाळत असाल, तर असं प्रत्येक ठिकाण शोधून तिथे एरर घाला, आणि त्यात सदस्याचं नाव, ऑफसेट आणि कुठला नियम मोडला हे तिन्ही लिहा.

ॲपच्या बाजूचा कायमचा उपाय साधा आहे. युनिफॉर्म ब्लॉकमध्ये व्हेक३ आणि सुट्या फ्लोटचे ॲरे वापरूच नका. दिशा आणि तीव्रता मिळून एक व्हेक४ करा, चार वजनं दुसऱ्या व्हेक४ मध्ये घाला. मग एक्सपोझर सगळ्याच नियमांत ३२ वर येतो आणि वादच उरत नाही. सी प्लस प्लसच्या स्ट्रक्टखाली प्रत्येक सदस्याच्या ऑफसेटसाठी स्टॅटिक-असर्ट लिहा, म्हणजे चूक पडद्यावर यायच्या आधी बिल्डमध्येच सापडेल. बूलियनबद्दलही सावध राहा: सी प्लस प्लसमध्ये तो साधारणपणे १ बाइटचा, शेडरच्या ब्लॉकमध्ये ४ बाइटचा. तिथे ३२ बिटचा इंटिजर वापरा.

५. मॅट्रिक्स

वरचीच युक्ती इथे चालते. ४ बाय ४ मॅट्रिक्स बफरच्या सुरुवातीला ठेवा आणि जीएलएसएलमधून दुसऱ्या कॉलमचा पहिला घटक वाचा. ४ आला तर कॉलम-मेजर (एकेक कॉलम सलग), १ आला तर रो-मेजर (एकेक ओळ सलग). ३ बाय ३ मॅट्रिक्सचा घोटाळा वेगळा: एसटीडी१४० मध्ये तिचा प्रत्येक कॉलम १६ बाइटचा, एकूण ४८. सी प्लस प्लसमधून सलग ३६ बाइट पाठवले तर दुसऱ्या कॉलमपासून सगळं सरकतं.

एचएलएसएलमधून आलेल्या स्पिर-व्हीमध्ये कॉलम-मेजर मॅट्रिक्सवर रो-मेजर डेकोरेशन दिसलं तर दचकू नका. एचएलएसएलच्या ओळी स्पिर-व्हीमध्ये कॉलम म्हणून मांडल्या जातात, त्यामुळे नाव उलटतं, बाइट तेच राहतात. ते डेकोरेशन "दुरुस्त" करायला गेलात तर चांगला चाललेला शेडर मोडेल.

मेटलमध्ये रो-मेजर साठवण नाहीच, त्यामुळे वाचताना ट्रान्सपोज घालावा लागतो. लायब्ररीतले खरे बग इथे दडतात. पूर्ण मॅट्रिक्स वाचताना सगळं ठीक असतं. चुकतं ते एकच कॉलम किंवा एकच घटक वाचताना, मॅट्रिक्स असलेलं अख्खं स्ट्रक्ट फंक्शनला देताना, किंवा चौकोनी नसलेल्या मॅट्रिक्समध्ये. टेस्ट लिहिताना याच तीन जागा आधी धरा.

६. चित्र उलटं किंवा कापलेलं

हा मांडणीचा बिघाड नव्हे, पण त्याच गठ्ठ्यात येतो. व्हल्कन, डायरेक्टथ्रीडी आणि मेटल यांची डेप्थ (खोली) ० ते १. ओपनजीएलची मुळात उणे १ ते १. ओपनजीएल ४.५ मध्ये क्लिप-कंट्रोलने ती बदलता येते. शिवाय व्हल्कनचा वाय अक्ष खाली जातो, बाकीच्यांचा वर. क्रॉस-कंपायलरमध्ये दोन्हींसाठी पर्याय असतात. नियम एकच: बदल एकाच ठिकाणी करा. प्रोजेक्शन मॅट्रिक्समध्ये केला असेल तर लायब्ररीचा पर्याय बंद ठेवा. वाय उलटला की त्रिकोणांचा फेराही उलटतो, म्हणून कलिंगची (पाठमोरे त्रिकोण वगळण्याची) दिशा तपासा, नाहीतर वस्तू आतून बाहेर आल्यासारखी दिसेल.

७. स्टेजमधला दुवा आणि प्रिसिजन

जीएलएसएल ईएस ३.०० मध्ये व्हर्टेक्सचं आउटपुट आणि फ्रॅगमेंटचं इनपुट नावाने जुळतात, लोकेशनने नाही. आकार कमी करण्यासाठी डीबग माहिती काढून टाकलेली असेल, तर नावं नष्ट होतात आणि दोन्ही स्टेजना वेगवेगळी यांत्रिक नावं मिळतात. या टार्गेटसाठी नावं काढू नका, किंवा लोकेशनवरून दोन्हीकडे एकच नाव स्वतः द्या.

फक्त फोनवरच टेक्स्चर थरथरत असेल, तर मीडियमपीकडे (शेडरमधली मध्यम अचूकतेची खूण) बघा. डेस्कटॉपचे ड्रायव्हर तो बहुधा दुर्लक्षितात, फोनचे १६ बिट फ्लोट वापरतात. ०.५ ते १ या पट्ट्यात १६ बिट फ्लोटची पायरी १/२०४८ असते, म्हणजे ४०९६ पिक्सेल रुंद टेक्स्चरवर एकदम दोन टेक्सेलची (टेक्स्चरच्या पिक्सेलची) उडी. टेक्स्चरचे कोऑर्डिनेट हायपीमध्येच (जास्त अचूकतेत) ठेवा.

मेटलवर फास्ट-मॅथ (काटेकोरपणा सोडून वेगवान गणित) बाय डिफॉल्ट चालू असतं, त्यामुळे "हा नॅन (आकडाच नसलेली किंमत) आहे का" अशी तपासणी कंपायलर उडवून टाकू शकतो. चित्र फास्ट-मॅथ बंद केल्यावर सुधारलं, तर मूळ गणितात शून्याने भागाकार किंवा ऋण आकड्याचं वर्गमूळ कुठे होतंय ते शोधा. फास्ट-मॅथ कायमचं बंद ठेवणं हे निदान नव्हे.

८. शेडर लहान करत नेणं

इथवर काहीच सापडलं नसेल, तर आता लायब्ररीवर संशय घ्यायला हरकत नाही. आधी ऑप्टिमायझर पूर्ण बंद करून बघा. बिघाड गेला, तर एकेक पास (ऑप्टिमायझरची पायरी) चालू करत दोषी पास पकडा. मग स्पिरव्ही-रिड्यूसने मॉड्यूल छाटा. त्याला एक स्क्रिप्ट द्यावी लागते, आणि बिघाड अजून शिल्लक असेल तेव्हा तिने ० परत करायचा असतो. स्क्रिप्टमध्ये त्याच टार्गेट एन्व्हायर्नमेंटसह व्हॅलिडेटरची पायरी घालायला विसरू नका, नाहीतर छाटता छाटता तुम्ही वेगळ्याच, तुमच्या टार्गेटवर अवैध असलेल्या मॉड्यूलपाशी पोहोचू शकता. हाती वीस-पंचवीस ओळी उरल्या की बग बहुधा डोळ्यांना दिसतो. आधीच्या व्हर्जनवर हाच तुकडा चालत असेल, तर लायब्ररीच्या कमिटवर गिट बायसेक्ट (बिघाड आणणारं कमिट शोधणारं साधन) लावा. तेवढं काम यंत्र करून देतं.

आउटपुट देण्याऐवजी लायब्ररी "पुन्हापुन्हा पास करूनही पुढे सरकता येत नाही" अशा अर्थाचा एरर देत असेल, तर तुमच्या शेडरमध्ये चूक शोधत बसू नका. तो लायब्ररीचा बग आहे, तसाच नोंदवा.

कुठे थांबायचं

छाटलेला तुकडा दुसऱ्या कंपनीच्या जीपीयूवर आणि लाव्हापाइप, स्विफ्टशेडर किंवा वार्प यांसारख्या सॉफ्टवेअर रेंडररवर बरोबर चालतो, व्हॅलिडेशन लेयर गप्प आहेत, आणि एकाच ड्रायव्हरवर चुकतो, तर थांबा. हा ड्रायव्हरच्या कंपायलरचा दोष असण्याची शक्यता मोठी, आणि तो बाहेरून सुटत नाही. ड्रायव्हर बनवणाऱ्यांकडे तो तुकडा, ड्रायव्हरचं नेमकं व्हर्जन, अपेक्षित आणि मिळालेले आकडे पाठवा. दरम्यान लायब्ररीत तात्पुरता उपाय घालायचाच असेल, तर तो पर्यायाच्या मागे ठेवा आणि बाय डिफॉल्ट बंद ठेवा.

जीपीयू अडकत असेल, डिव्हाइस-लॉस्ट येत असेल किंवा अख्खं मशीन गोठत असेल, तर तेच पुन्हापुन्हा चालवून बघू नका. असं प्रकरण ग्राफिक्स ड्रायव्हरचं डीबगिंग जाणणाऱ्या माणसाकडे द्या. दुसऱ्या ॲपमध्येही ठिपके, चौकटी किंवा रंगीत पट्टे दिसत असतील, तर शेडरचा संबंधच नाही. हार्डवेअरच्या तंत्रज्ञाला कार्ड दाखवा.

बाहेरून आलेल्या, अविश्वासू शेडरमुळे तयार झालेला कोड बफरच्या हद्दीबाहेर वाचतो असं आढळलं, तर ते सार्वजनिक इश्यूमध्ये लिहू नका. लायब्ररी सांभाळणाऱ्यांना त्यांच्या सुरक्षा-तक्रारीच्या खाजगी मार्गाने कळवा आणि दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत तो शेडर कुठे टाकू नका.

तुम्ही लायब्ररी फक्त वापरत असाल आणि स्पिर-व्ही वाचायची सवय नसेल, तर चौथ्या तपासणीचा तो एक पिक्सेल घेऊन थांबलात तरी चालेल. तिकडी, मूळ शेडर, स्पिर-व्ही फाइल, वापरलेले सगळे पर्याय आणि लायब्ररीचं कमिट एवढं जोडून इश्यू उघडा. पडद्याचा फोटो त्यापुढे फार उपयोगाचा नसतो.

दुरुस्ती लायब्ररीत केली असेल तर

छाटलेला तुकडा टेस्टमध्ये टाका आणि तो सगळ्या बॅकएंडवर (मेटल, एचएलएसएल अशा प्रत्येक टार्गेटसाठी कोड देणारा भाग) चालवा, जिथे बिघाड नव्हता तिथेही. मांडणीचा कोड बॅकएंडमध्ये वाटून गेलेला असतो. मेटल सुधारताना एचएलएसएल बिघडणं नवीन नाही. रेफरन्स आउटपुट (टेस्टमधल्या अपेक्षित उत्तराच्या फाइली) स्क्रिप्टने एका फटक्यात नव्याने लिहिता येतात, पण कमिट करण्याआधी बदललेली प्रत्येक फाइल उघडून वाचा. एका ओळीच्या दुरुस्तीने चाळीस रेफरन्स बदलले आणि त्यातल्या एका फाइलमध्ये पॅक्ड-फ्लोट३ चा गुपचूप फ्लोट३ झाला, तर टेस्ट हिरव्याच राहतात, कारण तुम्ही चुकीच्या उत्तरालाच बरोबर म्हणून नोंदवलेलं असतं. ज्या फाइलमधला बदल तुम्हाला शब्दांत समजावता येत नाही, ती कमिटमधून बाहेर काढा आणि आधी त्या फाइलचा ब्लॉक चौथ्या तपासणीतून काढा.